कमी डेड स्पेसची सिरिंज: वाटणारीचं मत

पाचपैकी तारे आधीच देऊन टाकते. कायमची सुई जोडलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजला साडेचार, सुई बदलता येणाऱ्या पण कमी डेड स्पेसच्या सिरिंजला चार, आणि अजूनही खोकीच्या खोकी येऊन पडणाऱ्या साध्या दोन मिलिलिटरच्या सिरिंजला दीड. मी नर्स आहे. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना नव्या सुया द्यायच्या आणि वापरलेल्या परत घ्यायच्या, हे माझं रोजचं काम. टोचताना कशी वाटते, हाताला कशी बसते, हा भाग वापरणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. बाकीची मतं माझी, आणि ती जरा कडक आहेत.

दट्ट्या पूर्ण दाबला तरी सिरिंज रिकामी होत नाही. नळीच्या चोचीत आणि सुईच्या प्लास्टिकच्या बुडात थोडा द्रव अडकतो. ती अडकण्याची जागा म्हणजे डेड स्पेस. तीच सिरिंज दुसऱ्याने वापरली की तिथे उरलेलं आधीच्याचं रक्त, आणि त्यात विषाणू असेल तर तोही, त्याच्या अंगात जातो. सुई बदलता येणाऱ्या साध्या सिरिंजमध्ये सरासरी ८४ मायक्रोलिटर (मिलिलिटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोलिटर) द्रव मागे राहतो आणि कायमच्या सुईवाल्या इन्सुलिन सिरिंजमध्ये साधारण २. अमेरिकेतले संशोधक विल्यम झूल यांनी १९९०च्या दशकापासून या फरकाचा पाठपुरावा केला. ८४ आणि २ म्हणजे बेचाळीस पट, असं वाटून आपण पुढे जातो. पण सिरिंज पाण्याने धुतली की फरक कमी न होता वाढतो. एक मिलिलिटर पाणी ओढून बाहेर टाकलं तर साध्या सिरिंजमध्ये आधीच्या रक्ताचा सुमारे तेरावा हिस्सा उरतो आणि छोट्या जागेच्या सिरिंजमध्ये पाचशेवा. प्रयोगशाळेत टोचणं आणि धुणं या दोन्हींची नक्कल केल्यावर उरलेल्या रक्तात हजार पटींची तफावत आढळली, त्यामागे हेच गणित आहे. “धुतली होती की” असं मला सांगणाऱ्यांना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते. बहुतेकांना तो माझ्या व्याख्यानापेक्षा लवकर पटतो.

उरलेल्या थेंबात विषाणू किती दिवस टिकतो, यावर अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या गटाने काम केलं आहे. २००० सालच्या त्यांच्या निबंधात ४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या सिरिंजांपैकी निम्म्यांत ४२ दिवसांनंतरही जिवंत एचआयव्ही सापडला. २० अंशांना तो शेवटचा २१व्या दिवशी मिळाला आणि २७ ते ३७ अंशांत सात दिवसांनंतर एक टक्काही सिरिंजांत उरला नाही. म्हणजे थंड जागी लपवून ठेवलेली जुनी सुई उन्हात पडलेल्या सुईपेक्षा जास्त घातक. यकृत बिघडवणारा हिपॅटायटिस सीचा विषाणू त्याहून चिवट. त्याच विद्यापीठातल्या २०१०च्या प्रयोगात मोठ्या डेड स्पेसच्या सिरिंजमध्ये तो ६३ दिवसांपर्यंत लागण करू शकत होता. दोन महिन्यांपूर्वीची सुई “आता वाळली असेल” म्हणून उचलणाऱ्याला हा आकडा ऐकवावाच लागतो.

एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत, ती मी सांगते. सिरिंजचा प्रकार बदलल्याने माणसांमध्ये लागण किती घटते, याचा पुरावा निरीक्षणांतून आलेला आहे. कोण कुठली सिरिंज वापरतो आणि कुणाला लागण आहे, याची ती सांगड. छोट्या जागेची सिरिंज वापरणारे इतर बाबतींतही जपून वागत असतील, ही शंका त्यात राहतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली अशा सिरिंजाही वाटाव्यात असं सुचवलं, तेही सशर्त शिफारस म्हणून. मला त्यात वावगं दिसत नाही. तोटा जवळपास शून्य, फायद्याची शक्यता मोठी आणि भौतिकशास्त्र स्वच्छ. खोक्यावर कुणी “एचआयव्हीपासून संरक्षण” असं छापलं असेल तर मात्र ते खोकं परत पाठवावं.

आता प्रत्यक्ष वापर. कायमच्या सुईवाली हलकी असते, सुई बारीक आणि छोटी, शिरेला इजा कमी. बरीच वर्षं टोचून घेणाऱ्या एका काकांना मी ती मोठ्या उत्साहाने दिली. त्यांनी टोपण काढून पाहिलं आणि परत माझ्या टेबलावर ठेवली. “सिस्टर, ही बाहुलीला टोचायची सुई आहे. माझ्या शिरा कुठे गेल्यात ते तुम्हाला ठाऊक आहे ना?” काकांचं खरं होतं. हाताच्या वरच्या शिरा कामातून गेलेल्यांना छोटी सुई पोहोचत नाही. गोळी कुटून केलेला दाट द्रव बारीक सुईत अडकतो आणि अडकला की सुई बदलायची सोय नाही, सगळी सिरिंज फेकायची. शिवाय एक मिलिलिटरमध्ये मावत नाही म्हणून दोनदा टोचावं लागतं. अशा माणसाच्या हातात ही सिरिंज कोंबली तर तो मान डोलावतो आणि बाहेर जाऊन दुसऱ्याची मोठी सिरिंज मागतो. अर्धा तारा मी इथे कापला.

त्यांच्यासाठी सुई बदलता येणारी, पण कमी डेड स्पेसची सिरिंज आहे. काहींमध्ये दट्ट्याच्या टोकाला छोटा खुंट असतो, तो चोचीतली पोकळी भरून काढतो. काहींमध्ये सुईच्या बुडाचीच रचना अशी की मोकळी जागा उरत नाही. कायमच्या सुईइतकी शिल्लक खाली येत नाही, पण साध्यापेक्षा बरीच कमी. कोविडच्या लशीच्या वेळी फायझरच्या कुपीतून सहावा डोस काढायला याच जातीच्या सिरिंजा लागल्या होत्या, तेव्हा जगभर त्यांची टंचाई झाली. तोवर ज्यांनी हे नावही ऐकलं नव्हतं ते एकाएकी मायक्रोलिटरवर बोलू लागले. काकांना मी विषाणूचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “काका, हिच्यात माल वाया जात नाही.” त्यांनी मूठभर उचलल्या. या सिरिंजची खरी जाहिरात तीच, आणि ती खोटीही नाही.

दोष आहेतच. स्वस्तातल्या एका मालात नळीवरचे आकडे घामट बोटांनी पुसले जात होते. दुसऱ्या एका मालातला दट्ट्या इतका कडक की शिरेत असताना हात हलायचा. सुई आणि सिरिंज वेगवेगळ्या खोक्यांत येतात तेव्हा घाईत कुणीतरी साधी सुई जोडून देतो, आणि मग रचना सुईच्या बुडात असेल तर सगळा खटाटोप फुकट. हे वाटप करणाऱ्यांनी खरोखर तपासून पाहावं.

रंगीत दट्ट्यांबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून मुद्दाम लिहिते. ब्रिटनमधल्या एक्सचेंज सप्लाइज या संस्थेची नेव्हरशेअर ही सिरिंज वेगवेगळ्या रंगांच्या दट्ट्यांत मिळते. एकाच खोलीत दोघं-तिघं असले, सगळ्यांच्या सिरिंजा सारख्याच, अर्धवट अंधार आणि डोकं जाग्यावर नाही. अशा वेळी दुसऱ्याची सुई मुद्दाम कुणी घेत नाही, चुकून उचलली जाते. लाल तुझी, हिरवी माझी, एवढ्याने ती चूक टळते. एका जोडप्याने तर माझ्याकडे रंगावरून भांडण केलं. दोघांनाही निळीच हवी होती. मी दोघांनाही निळी दिली नाही.

एकदाच वापरता येणाऱ्या, दट्ट्या आपोआप अडकणाऱ्या सिरिंजा दवाखान्यात उत्तम. इथे नकोत. शीर सापडली का बघायला दट्ट्या थोडा मागे घेतला जातो, तेवढ्यात ती अडकली तर माणूस जुनीच बाहेर काढतो.

कितीही चांगली सिरिंज असली तरी ती पुरेशी नसेल तर माझ्या ताऱ्यांना अर्थ नाही. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात १९९०मध्ये सुया बदलून देण्याचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सिरिंजांवर खुणा घालून परत आलेल्या सिरिंजांची तपासणी केली गेली. सुई लोकांच्या हातात फिरण्याचा काळ कमी झाला तसं विषाणू सापडण्याचं प्रमाण उतरलं, आणि संशोधक एडवर्ड कॅप्लन यांच्या गणिती प्रारूपाने नव्या लागणींत सुमारे ३३ टक्के घट अंदाजली. तिथली सिरिंज फार हुशार नव्हती, ती लवकर परत येत होती. उलट उदाहरण अमेरिकेच्याच इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीचं. साथ सुरू झाली तेव्हा सुया वाटायला कायद्याने वावच नव्हता, ऑक्सिमॉर्फोन या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या गोळ्या विरघळवून टोचल्या जात होत्या, आणि २०१५च्या नोव्हेंबरपर्यंत १८१ जणांना एचआयव्हीची लागण झाली. त्यातल्या दहापैकी नऊ जणांहून अधिकांना हिपॅटायटिस सीही होता. माणशी वर्षाला ३०० सुया-सिरिंजा हे जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० सालाचं उद्दिष्ट आहे. रोज एकसुद्धा नाही, आणि टोचणारा दिवसातून कितीदा टोचतो ते मला माहीत आहे. म्हणून “जुनी आणलीस तरच नवी” हा नियम मला आवडत नाही. परत आणणाऱ्याचं कौतुक करावं, रिकाम्या हाताने आलेल्याला परत पाठवू नये.

आणि ही सिरिंज माल विरघळवायच्या चमच्याचं, गाळायच्या कापसाचं, पाण्याचं काही करू शकत नाही. तिघांनी एकाच चमच्यातून ओढलं तर हिपॅटायटिस सीला तेवढं पुरतं. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या नशेऐवजी दिल्या जाणाऱ्या औषधांचे उपचार शेजारच्याच खोलीत मिळत असतील तर माझ्या टेबलाचं काम निम्मं हलकं होतं. २०१२मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात अशा उपचारांवर असलेल्यांमध्ये एचआयव्हीच्या लागणीचा धोका ५४ टक्क्यांनी कमी आढळला. एवढं कुठल्याही दट्ट्याला जमणार नाही.

खरेदी करणाऱ्यांसाठी: कायमच्या सुईवाल्या जास्त घ्या, पण बदलता येणाऱ्या कमी डेड स्पेसच्या आणि त्यांना जुळणाऱ्या लांब सुया सोबत हव्यातच. रंग मिसळून मागवा. पहिलं खोकं उघडलं की ओल्या बोटाने आकडे घासून बघा. साध्या दोन मिलिलिटरच्या उरल्या असतील तर फेकू नका, काहीच नसण्यापेक्षा त्या बऱ्या, पण टेबलावर मागच्या बाजूला ठेवा.