प्रिमावेरा पी६: खरं बोलतं, पण हळू आवाजात

प्रिमावेरा पी६ हे मोठ्या बांधकामांचं शेड्यूल, म्हणजे वेळापत्रक, आखायचं सॉफ्टवेअर. पाचपैकी साडेतीन तारे देतेय. दीड कुठे कापला ते पुढे येईलच.

माझं काम प्लॅनिंगचं. सार्वजनिक कामांवर क्लायंटच्या बाजूने बसायचं, कंत्राटदाराने पाठवलेलं शेड्यूल उघडायचं आणि त्यात कुठे पाणी मुरतंय ते शोधायचं. उन्नत रेल्वेमार्ग, पूल आणि एक भलंमोठं मत्स्यालय, या सगळ्यांवर हेच सॉफ्टवेअर वापरलंय. लिहितेय ते डेस्कटॉपवरच्या 'प्रोफेशनल' आवृत्तीबद्दल. ब्राउझरमधून चालणाऱ्या ईपीपीएमवर माझा हात तितका बसलेला नाही, त्यामुळे त्यावर मत देत नाही.

यामागचं गणित जुनं आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट कंपनीत क्रिटिकल पाथची, म्हणजे काम कधी संपेल हे ठरवणारी कामांची सगळ्यात लांब साखळी शोधायची, पद्धत तयार झाली आणि साधारण त्याच सुमारास अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट ही तशीच पद्धत आणली. प्रिमावेरा ही कंपनी १९८३ ची. २००८ मध्ये ओरॅकलने ती घ्यायचं जाहीर केलं. वापर तसा सरळ. कामांची यादी द्यायची, कशानंतर काय ते जोडायचं, प्रत्येकाला किती दिवस लागतील ते लिहायचं आणि एफ९ दाबायचं. हिशेब एकदा सुरुवातीपासून शेवटाकडे आणि एकदा शेवटाकडून सुरुवातीकडे होतो आणि कुठल्या कामाला किती फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलवता उशीर करायची मुभा, आहे ते समोर येतं. ज्यांना उसंतच नाही त्यांचे बार, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या पट्ट्या, लाल. एवढंच. पण ॲक्टिव्हिटी हजारोंनी असल्या आणि त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच एजन्सीच्या हातात असल्या, की हे 'एवढंच' कुणाच्याही डोक्यात मावत नाही.

मत्स्यालयाचं उदाहरण देते, कारण तिथे पी६ ने घेतलेले सगळे पैसे वसूल करून दिले. बाहेरून बघणाऱ्याला टाकी म्हणजे काँक्रीट आणि काच. प्रत्यक्षात मोठ्या टाकीची ती 'काच' ॲक्रिलिकची असते आणि तिचा आकार छाती दडपणारा असतो. ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयातलं मुख्य पॅनेल ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर जाड आहे. आमचं त्यापुढे लहान, तरी इमारतीच्या कुठल्याच दारातून आत जाणारं नव्हतं. म्हणजे ते वरून, क्रेनने, छत बंद व्हायच्या आधी उतरवायला हवं. त्याआधी टाकीचं काँक्रीट पुरेशा ताकदीला यायला हवं आणि आतलं वॉटरप्रूफिंग झालेलं हवं. पॅनेल बसलं की कडेचं सीलंट पक्कं व्हायला वेळ द्यायचा, मग पाणी भरून गळतीची चाचणी, मग पाणी शुद्ध ठेवणाऱ्या यंत्रणेचं कमिशनिंग, म्हणजे ती तपासून चालू करणं. त्यातही जैविक फिल्टरमध्ये जिवाणूंची वसाहत तयार व्हायला आठवडे जातात, आणि जिवाणूंना ओव्हरटाइम देता येत नाही. हे सगळं झाल्यावर मासे क्वारंटाइनमधून टाकीत.

छताच्या कंत्राटदाराच्या शेड्यूलमध्ये यातलं काहीच नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. त्याच्या कागदावर छत वेळेआधी पुरं होत होतं आणि तो त्यावर खूश होता. दोन्ही शेड्यूल एकाच प्रोजेक्टमध्ये घेतली, 'पॅनेल उतरवणे' आणि 'छताचा शेवटचा गाळा बंद करणे' यांच्यात एक साधी फिनिश-टू-स्टार्ट (पहिलं संपल्यावरच दुसरं सुरू) जोडणी टाकली आणि एफ९ दाबलं. लाल रेषा छताच्या पोलादावरून उठली ती थेट ॲक्रिलिकच्या कारखान्यात जाऊन बसली. तोपर्यंतच्या एकाही बैठकीच्या इतिवृत्तात त्या कारखान्याचा उल्लेख नव्हता. नंतर छताचा एक गाळा मुद्दाम मोकळा ठेवायचं ठरलं. हा निर्णय वेळेवर झाला म्हणून स्वस्तात झाला.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी: या सॉफ्टवेअरला कुणालाही नाही म्हणता येत नाही.

सार्वजनिक कामाची, त्यातून पर्यटकांसाठीच्या कामाची, उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि शेड्यूल मागाहून त्यात कोंबलं जातं. पी६ मध्ये अशी तारीख घालायचे दोन रस्ते आहेत. 'फिनिश ऑन ऑर बिफोर' ही अट लावली तर काम खरोखर कधी संपणार ती तारीख तशीच दिसते आणि जेवढा उशीर तेवढा ऋण फ्लोट दिसतो. 'मॅण्डेटरी फिनिश' लावलं तर मात्र आधीची कामं पुरी झाली असोत-नसोत, बार सांगितलेल्या तारखेलाच संपतो आणि पुढची कामं त्या तारखेपासून मोजली जातात. चाचणी संपायच्या आधी उद्घाटन झालेलं दाखवायचं असेल तर हा पर्याय. ऋण फ्लोटचा कॉलम लपवा, वरच्यांना चार पानी पीडीएफ पाठवा, सगळं कसं छान.

गंमत म्हणजे पी६ ला हे कळलेलं असतं. दर वेळी शेड्यूल केलं की एक लॉग तयार होतो. कुठल्या ॲक्टिव्हिटीला आधीचं काम जोडलेलं नाही, कुणाला पुढचं नाही, क्रम मोडून कुठे काम सुरू झालंय, कुठली अट पाळली गेली नाही, कुठली जोडणी तुटली, सगळं त्यात नावानिशी लिहिलेलं असतं. पण ते एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, राखाडी खिडकीतून उघडायच्या. स्क्रीनवरच्या रंगीत बारवर त्याचा मागमूस नाही. मी आलेलं शेड्यूल उघडते ते आधी या लॉगपासून. बार चार्ट सगळ्यात शेवटी. अलीकडच्या आवृत्त्यांत 'चेक शेड्यूल' आलंय, ते जोडण्या, लॅग (दोन कामांच्या मध्ये थांबायचे दिवस), हार्ड कन्स्ट्रेंट (मॅण्डेटरीसारख्या पक्क्या तारखा) वगैरेंची टक्केवारी काढून देतं. चांगलं आहे, पण तेही कुणी मागितलं तरच बोलतं. माझी मागणी अशी की मॅण्डेटरी तारीख असलेल्या प्रत्येक बारवर छापताना एक ठळक खूण यावी आणि ती कुणाला काढता येऊ नये. एक तारा इथे गेला.

तारखेला चिकटून बसण्याची किंमत काय असते ते लंडनच्या क्रॉसरेल या रेल्वे प्रकल्पाने दाखवलं. मधला भाग डिसेंबर २०१८ मध्ये उघडायचा होता. उशीर जाहीर झाला तो ऑगस्ट २०१८ मध्ये, अवघे काही महिने आधी, आणि गाड्या धावल्या २४ मे २०२२ ला. बोगदे केव्हाच खणून झाले होते. स्टेशनं पुरी करणं आणि गाड्या, सिग्नल यांचं एकमेकांशी जुळवून चाचणी घेणं, हे मागे राहिलं. ठरलेली तारीख फार काळ धरून ठेवली यावर तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयानेही २०१९ च्या अहवालात बोट ठेवलं. स्थापत्यवाल्यांचा उशीर झाला की तो हळूच शेवटच्या टोकाला ढकलला जातो आणि तिथे कमिशनिंगवाले चेपले जातात. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक सुधारित शेड्यूलमध्ये 'टेस्टिंग अँड कमिशनिंग' चा बार आधीच्या महिन्यापेक्षा आखूड झालेला असतो. जुन्या बेसलाइनचा, म्हणजे तुलनेसाठी गोठवून ठेवलेल्या आधीच्या शेड्यूलचा, बार खाली लावून बघा, लगेच दिसतं. बेसलाइन तुलनेची ही सोय मात्र अव्वल. त्याला पैकीच्या पैकी.

दुसरा मुद्दा जरा किचकट आहे, पण पैसे यातच बुडतात. क्रम मोडून काम सुरू झालं तर उरलेल्या कामाचं काय करायचं? पी६ मध्ये यासाठी 'रिटेन्ड लॉजिक' आणि 'प्रोग्रेस ओव्हरराइड' असे पर्याय आहेत, आणखी एक तिसराही आहे पण तो विसरा. पहिला म्हणतो, सुरू केलंत ठीक, पण आधीचं काम संपेपर्यंत उरलेलं थांबेल. दुसरा म्हणतो, सुरू झालंच आहे तर जाऊ दे पुढे, जुनी जोडणी सोडून द्या. सेटिंगमध्ये एक गोल बटण इकडून तिकडे केलं की तेच शेड्यूल, तीच प्रगती, पण काम संपायची तारीख काही आठवड्यांनी अलीकडे येते. कंत्राटदार अडचणीत असला की हे बटण हमखास हललेलं सापडतं. रिटेन्ड लॉजिक मुळात डिफॉल्ट आहे, त्यामुळे 'आमच्याकडे तसंच होतं' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

जोडणी सोडून पुढे गेलं की काय होतं याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण सिडनी ऑपेरा हाउस. छताच्या शिंपल्यांची भूमिती ठरायची होती, तरी १९५९ मध्ये चौथऱ्याचं काम सुरू करून टाकलं. छताचं वजन कळलं तेव्हा आधीचे खांब पुरेसे नव्हते, ते पुन्हा करावे लागले. जानेवारी १९६३ ला उघडायचं ठरलेलं ते ऑक्टोबर १९७३ मध्ये उघडलं आणि ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला. तिथे कारणं बरीच होती, राजकारणही होतं. पण 'डिझाइन पूर्ण' आणि 'पाया सुरू' यांच्यातली जोडणी कापली की ती कुठे जाऊन वसूल होते, ते बघायचं असेल तर त्या पायऱ्यांकडे बघावं.

कॅलेंडरबद्दल थोडं, कारण नवीन मुलं इथेच अडकतात. समजा काँक्रीटला ७ दिवसांचं क्युरिंग (ओलं ठेवून ताकद येऊ देणं) आहे आणि ते तुम्ही दोन कामांच्या मध्ये लॅग म्हणून टाकलंत. लॅग कुठल्या कॅलेंडरने मोजायचा हे शेड्यूलच्या पर्यायांमध्ये ठरतं, सहसा आधीच्या कामाच्या. ते सहा दिवसांचा आठवडा चालणारं असेल तर सुट्टीच्या दिवशी काँक्रीटही सुट्टीवर जातं आणि ७ चे ८ होतात. एका स्लॅबला याने काही बिघडत नाही. एकावर एक बऱ्याच लिफ्टमध्ये, म्हणजे टप्प्यांत, ओतायच्या उंच पिअरला (पुलाच्या खांबाला) बिघडतं. उपाय सोपा: क्युरिंग ही वेगळी ॲक्टिव्हिटी करा आणि तिला सात दिवसांचं कॅलेंडर द्या. आणि अनेक कॅलेंडरं असलेल्या शेड्यूलमध्ये क्रिटिकल कामं फ्लोटने नाही, 'लाँगेस्ट पाथ' (शेवटापर्यंतची सगळ्यात लांब साखळी) ने शोधा. एकाच साखळीत कॅलेंडर बदललं की फ्लोट शून्यावरून उड्या मारतो आणि लाल रेषा मध्येच तुटलेली दिसते. दिवस १०.३ असे अपूर्णांकात दिसत असतील तर घाबरू नका. सॉफ्टवेअर आतून तासांत मोजतं आणि कुणीतरी दिवसाचे ८ तास आणि १० तास यांची सरमिसळ केलेली असते.

लांबच लांब कामांना, म्हणजे रेल्वेमार्ग, बोगदा, रस्ता, पी६ कमी पडतं. गर्डर टाकणारी टोळी आणि मागून येणारी रूळ टाकणारी टोळी यांतली दुसरी वेगवान असेल तर ती पहिलीला कुठे गाठेल, हे बार चार्टवर दिसत नाही. आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्यावर वेळ घेतली की दोन तिरप्या रेषा जिथे भेटतात तिथे टक्कर, इतकं स्वच्छ. त्यासाठी टिलॉससारखं वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. इतक्या वर्षांत हे आत यायला हवं होतं. उरलेला अर्धा तारा याचा.

वाद झाला की मात्र हेच सॉफ्टवेअर सगळ्यांना हवं असतं. मुदतवाढीच्या दाव्यात दोन्ही बाजू पी६ घेऊनच बसतात. ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या डिले अँड डिसरप्शन प्रोटोकॉलची २०१७ ची आवृत्ती वाचून ठेवा. उशीर घडतोय तेव्हाच त्याचा परिणाम तपासा, काम संपायची वाट बघू नका, हा तिचा आग्रह आहे. त्यासाठी दर महिन्याचं अपडेट गोठवून, डेटा डेटसकट (प्रगती ज्या तारखेपर्यंतची ती तारीख) जपून ठेवलेलं लागतं. ते असेल तर वाद आकड्यांवर होतो. नसेल तर आवाजावर.

म्हणून पीडीएफवर कधीही समाधान मानू नका, करारातच पी६ मधून निघणारी मूळ एक्सईआर फाइल मागा. ही फाइल टॅबने विभागलेली साधी टेक्स्ट असते, नोटपॅडमध्येही उघडते. पण चालू डेटाबेसमध्ये थेट घेऊ नका. तिच्यासोबत दुसऱ्याची कॅलेंडरं, कोड, चलनं, कुठल्या तरी जुन्या प्रकल्पातले कॉलम, सगळं वऱ्हाड येतं आणि निघता निघत नाही. आधी एका रिकाम्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये उतरवा. शेड्यूल किरकोळ असून फाइल अवाढव्य असेल तर 'पीओबीएस' नावाच्या टेबलात हजारो निरुपयोगी ओळी साचलेल्या असतात. मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीमधून त्या काढून टाका आणि मगच आयात करा.