बिडाच्या हेडमधील तुटलेले स्टड : अक्कलकोट रोडवरील एका लेथ वर्कशॉपचे काम

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करणारे एक लहानसे लेथ वर्कशॉप आहे. माझ्या १९७४ च्या अँबॅसिडर मार्क २ चे सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवर बसणारे झाकण, तेथे वाचले. आपले नाव छापू नये, अशी मालकांची विनंती असल्यामुळे ते येथे देत नाही. काम मात्र सविस्तर नोंदवावे असे वाटते, कारण जुन्या गाड्या सांभाळणारे आपल्याकडचे पुष्कळ जण असे हेड थेट पुण्याला पाठवतात किंवा भंगारातून दुसरे शोधू लागतात.

अँबॅसिडरचे हे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतले. त्याचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आहेत, आणि इंधन-हवा आत नेणारा इनटेक व धूर बाहेर काढणारा एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड (नळ्यांचे जुडगे) हेडच्या एकाच बाजूला बसतात. तेथील स्टड, म्हणजे हेडमध्ये पिळून बसवलेले बिनडोक्याचे बोल्ट, वर्षानुवर्षे तापतात आणि निवतात. त्यातच लोखंडापासून बनलेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्यामुळे आटे आतून आवळले जातात आणि नट सुटण्याआधी स्टडच पिळून तुटतो. माझ्या गाडीचे मॅनिफोल्ड गॅस्केट बदलताना दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दोन स्टड असेच तुटले. पहिल्याचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा बाहेर राहिला होता. दुसरा पृष्ठभागाच्या पातळीवर तुटला, त्यात छिद्र मध्यबिंदू सोडून पाडले गेले आणि वर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटलेला स्टड पकडून बाहेर काढण्याचे हत्यार, आतच मोडला. एक्स्ट्रॅक्टरचे पोलाद कडक आणि ठिसूळ असते. साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही. ते बाजूला सरकून मऊ बीड खाते आणि हेड आणखी बिघडवते.

या वर्कशॉपमधील पहिली चांगली गोष्ट म्हणजे मेस्त्रींनी हेड पाहताच हत्यार उचलले नाही. त्यांनी भोके रॉकेलने धुऊन घेतली, शाबूत स्टड काढून त्याच्या आट्यांवर गेजची पट्टी लावली आणि मग म्हणाले, ‘‘मालक, ह्याला ८ मिलिमीटरचा टॅप लावू देऊ नका कुणाला. इंची माल आहे हा.’’ स्टडचे माप ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे ८ मिलिमीटरचा नट त्यावर एक-दोन फेरे चढतो आणि नंतर आटे मारतो. जुन्या मागांची दुरुस्ती करणाऱ्या या दुकानात इंची टॅप, म्हणजे भोकात आटे पाडण्याची हत्यारे, खणभर आहेत. पण मागांचा जुना व्हिटवर्थ आटा ५५ अंशांच्या कोनाचा, तर या इंजिनाचा युनिफाइड आटा ६० अंशांचा असतो, हा फरकही मेस्त्रींना ठाऊक होता. कोणते काम आधी, कोणते नंतर, कोठे बिघडू शकते आणि बिघडल्यास पुढे काय करता येईल, हे सगळे त्यांनी कामाला हात लावण्यापूर्वी समजावून सांगितले. माझ्या मते अशा कामात कारागिराची पारख येथेच होते.

बाहेर राहिलेल्या स्टडसाठी त्यांनी नट वेल्ड करण्याचा मार्ग निवडला. हेडचा पृष्ठभाग झाकावा म्हणून आधी एक वॉशर सरकवला, त्यावर नट ठेवला आणि नटाच्या पोकळीतून स्टडच्या मध्यावर वेल्डिंग करीत बाहेरच्या कडेपर्यंत आणले. या पद्धतीचा खरा लाभ नुसती पान्याला पकड मिळण्यात नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड फुगू पाहतो, भोवतालचे बीड त्याला फुगू देत नाही, आणि निवताना तो किंचित आकसून गंजाची पकड मोडते. लाली गेल्यावर मेस्त्रींनी सांध्याला मेणबत्ती टेकवली. वितळलेले मेण आट्यांत ओढले गेले. मग पाना लावून आधी थोडे आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या, असे पाव-पाव फेऱ्याने पुढे-मागे केले. पहिल्या नटाचे वेल्डिंग सुटले. त्यांनी न चिडता दुसरा नट लावला आणि त्या वेळी स्टड अखंड बाहेर आला. आतले आटे टॅप फिरवून नुसते स्वच्छ करावे लागले.

मोडलेल्या एक्स्ट्रॅक्टरचे काम हातड्रिलने होण्यासारखे नव्हतेच. हेड मिलिंग मशीनच्या टेबलावर बांधून, डायल गेजने सपाटी साधून, त्यांनी मूळ भोकाचा मध्य माझ्या मॅनिफोल्डच्या छिद्रांवरून काढला. कार्बाईडचा बारीक कटर अगदी हलक्या फीडवर चालवून एक्स्ट्रॅक्टरचा चुरा केला. हे पाहताना संयम म्हणजे काय ते कळते, कारण कार्बाईडला जरासा धक्का बसला तरी तोही तेथेच मोडतो. आधीच्या तिरक्या छिद्राने एका बाजूचे मूळ आटे खाल्ले होते, म्हणून भोक सुमारे ८.३ मिलिमीटर करून त्यात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवले. त्यामुळे स्टडचे माप मूळचेच राहिले. मागे पाण्याचे जॅकेट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पोकळी, असल्याने ड्रिलवर खोलीची खूण चिकटपट्टीने केलेली होती. शेवटी पाण्याच्या वाटांत रॉकेल भरून हेड रात्रभर ठेवले. कोठेही पाझर आढळला नाही.

मॅनिफोल्डसाठी त्यांनी लेथवर पितळी नट करून दिले. पितळ पोलादी स्टडवर गंजून जाम होत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी नट सुटेल आणि स्टड राहील. मी हे मागितले नव्हते, त्यांनीच सुचवले.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. दाबाखाली हेड तपासण्याची सोय येथे नाही, आणि रॉकेलची चाचणी तिची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. इंजिन पूर्वी तापून बसलेले असेल तर ती चाचणी अन्यत्र करून घ्यावीच. लेखी अंदाजपत्रक मिळत नाही, पावतीही मागितल्यावरच मिळते. लोकांनी आणलेली हेड जमिनीवर, लोखंडी कचऱ्यात ठेवलेली असतात. तयार केलेल्या पृष्ठभागावर ओरखडा उठण्याचा तो सरळ मार्ग आहे. सर्वांत खटकणारी बाब म्हणजे ग्राइंडरवर काम करणाऱ्या मदतनीस मुलाच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. मी ते मालकांना बोलून दाखवले आणि येथेही लिहितो, कारण इतके जाणते कारागीर जेथे आहेत तेथे हे चालता कामा नये. मागाच्या भागांना नेहमी पहिला मान असल्याने मोटारीचे काम मागे पडते. घाई असलेल्यांनी हे गृहीत धरावे.

दोन्ही स्टड, हेलिकॉइल आणि पितळी नट मिळून १,८०० रुपये घेतले. दुसरे हेड शोधणे, ते तडकलेले निघण्याची धास्ती आणि व्हॉल्व्हचे काम नव्याने करणे यांच्या तुलनेत मला ही रक्कम रास्त वाटते.

गाडीवरच हेड ठेवून काम करायला ते नकार देतात आणि ते योग्यच आहे, कारण कीस सिलिंडरमध्ये जाण्याचा धोका असतो. हेड उतरवून, काजळी साफ करून न्यावे. मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि एक तरी शाबूत स्टड सोबत ठेवावा. भोकाचा मध्य आणि आट्याचे माप त्यांवरूनच ठरते. आत एक्स्ट्रॅक्टर किंवा टॅप मोडलेला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे काम थेट मिलिंग मशीनवर घेतले जाते.