पुंगळी अडकते तेव्हा: साफसफाई, दुसरं काडतूस की गनस्मिथ?

.४४ मॅग्नम किंवा त्याहून जोरदार कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरमधून रिकाम्या पुंगळ्या (गोळी सुटल्यावर उरणारी काडतुसाची पितळी टरफलं) सहज निघेनाशा झाल्या, की तीन वाटा दिसतात. चेंबर (सिलिंडर या फिरत्या नळकांड्यातली काडतूस बसायची भोकं) घासून साफ करणं, काडतूस बदलणं किंवा शस्त्र सरळ गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, देणं. माझा कौल याच क्रमाला आहे. फक्त आधी अडतंय कुठे ते बघून घ्या, नाहीतर पैसे भलतीकडेच जातात.

शस्त्र रिकामं असताना सिलिंडरच्या प्रत्येक चेंबरला मार्करने आकडा घाला आणि रेंजवर नेहमीप्रमाणे गोळ्या झाडा. दर वेळी एकच चेंबर अडवत असेल तर दोष त्या चेंबरचा. सगळेच अडवत असतील तर काजळी किंवा काडतुसाचा दाब. कधी हा, कधी तो असेल तर पुंगळ्यांवर संशय घ्या, विशेषतः त्या पुन्हा पुन्हा भरून वापरलेल्या असतील तर.

साफसफाईला पहिला मान द्यायचं कारण आहे. .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल हे त्याच जाडीचं पण आखूड काडतूस सर्रास वापरतात. स्पेशलची पुंगळी सुमारे २९.५ मिमी लांब, मॅग्नमची ३२.६ मिमी. त्यामुळे स्पेशलच्या तोंडापुढे काजळीचं कडं साचतं, आणि नेमकं तिथेच मॅग्नमचं तोंड येऊन बसतं. गोळी सुटताना पितळ फुगतं आणि त्या कड्यात रुतून बसतं. .४५४ कसलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आखूड .४५ कोल्ट वापरणाऱ्यांचंही हेच होतं. नुसतं चिंधीने पुसून हे कडं निघत नाही. सॉल्व्हंट लावून थोडा वेळ मुरू द्या, मग चेंबरच्या मापाचा ब्राँझचा ब्रश फिरवा. एक्स्ट्रॅक्टर स्टारच्या (पुंगळ्यांच्या कडा धरून त्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागाच्या) खालची जागाही साफ करा, तिथे न जळलेल्या पावडरचे कण बसतात. शेवटी चेंबर कोरडं पुसा. तेल राहिलं तर पुंगळी भिंतीला धरत नाही आणि मागच्या बाजूला जास्त जोर येतो.

साफ करूनही सगळे चेंबर अडवत असतील तर काडतुसाकडे वळा. .४४ मॅग्नमची कमाल दाबमर्यादा ३६,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), .४५४ कसलची ६५,०००. इतक्या दाबाखाली पोलादी चेंबरही क्षणभर ताणलं जातं आणि परत आवळताना पुंगळीला पकडतं. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये सौम्य काडतुसांच्या पुंगळ्या सुटसुटीत निघाल्या, तर उत्तर मिळालं. ही वाट सोपी आहे, पण तिचा तोटा उघड आहे: जोरदार काडतुसासाठीच शस्त्र घेतलं असेल तर समाधान होणार नाही. प्रायमर (पुंगळीच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टोप्या) चपटे झालेले दिसले किंवा पुंगळीला तडा दिसला, तर मात्र निवडीचा प्रश्नच उरत नाही. ती काडतुसं त्याच क्षणी बंद करा.

गनस्मिथकडे जायचं ते ठरावीक चेंबरच अडवत असेल आणि पुंगळीवर उभे ओरखडे उमटत असतील तेव्हा. खडबडीत चेंबर पॉलिश करून गुळगुळीत होतं. हे काम घरी ड्रिल लावून करू नका, असं मी कळकळीने सांगेन. चेंबर एकदा मोठं झालं की लहान होत नाही, आणि सैल चेंबरमध्ये पितळ आणखी फुगतं.

या तिन्हींच्या आधी हाताची सवयही तपासून पाहा. नळी वर धरून इजेक्टर रॉड (स्टारला ढकलणारी दांडी) तळहाताने एका दमात, पुरता दाबायचा. नळी आडवी ठेवून हळू दाबलं तर पुंगळीची कड स्टारखाली सरकते आणि तिथेच अडते. रॉडवर हातोडी नकोच. सिलिंडर उघडून फिरवताना रॉडचं टोक डोलत असेल तर तो वाकलाय, तो गनस्मिथलाच दाखवा. नुसता ढिला असेल तर घरी आवळता येतो, पण स्मिथ अँड वेसनच्या आताच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याचे आटे उलटे असतात. आवळताना सगळ्या चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या घाला, म्हणजे स्टारवर पीळ पडत नाही.