ब्यूरोची बाई सहाव्या दिवशी गेली, ३८,७०० रुपये बुडाले

घरी आजारी वडिलांना सांभाळायला केअरटेकर पुरवणाऱ्या ब्यूरोकडून बाई ठरवली. रजिस्ट्रेशन २,५००. डिपॉझिट १५,०००. रोजचे ८०० धरून महिन्याचा पगार आगाऊ, २४,०००. वर 'पेशंट किट' १,२००. एका दुपारीत ४२,७०० रुपये गेले. बाईने पाच दिवस काम केलं, त्याचे ४,००० वजा करा. बाकी सगळे बुडाले. किटमध्ये काय होतं? हातमोज्यांचं एक खोकं आणि चार मास्क.

एवढे पैसे आधी देतंच कोण, असं वाचणारा म्हणेलच. देतात. हॉस्पिटलात सकाळच्या राउंडला 'आज डिस्चार्ज' सांगतात, बिल होईस्तोवर तीन वाजतात आणि रात्री घरी नाकात नळी, कॅथेटर लावलेले वडील येणार असतात. वॉर्डाबाहेर कुणीतरी हातात कार्ड ठेवतं. त्या घटकेला कुणी अटी वाचत बसत नाही, आणि ब्यूरोवाल्यांना ही घटका बरोब्बर ठाऊक असते.

तरी एका ठिकाणी थांबायलाच हवं होतं. क्यूआर स्कॅन केला की पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव येतं. पावतीवर संस्थेचं नाव, स्क्रीनवर भलत्याच माणसाचं. दिसलं. विचारलंही. 'अकाउंटंटचं खातं आहे ताई, तुमचाच जीएसटी वाचतो.' आणि हे पटलं! पिन टाकला. ते नाव अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नाव जुळलं नाही तर पैसे द्यायचे नाहीत, मग समोरचा काहीही सांगो.

खेळ सगळा 'रिप्लेसमेंट गॅरंटी'चा, म्हणजे बाई गेली तर बदली देण्याच्या हमीचा. आठवड्याच्या आत बाईच्या गावी कुणीतरी वारतं. तीच बाई दुसऱ्या घरी, तिथे पुन्हा रजिस्ट्रेशन, पुन्हा डिपॉझिट. आपल्याकडे 'बदली उद्या येते'. अकरा दिवस 'उद्या' ऐकलं, बाराव्या दिवशी फोन बंद. जाताना बाई एवढं मात्र बोलली, की ८०० पैकी तिच्या हातात ४५० पडणार होते, तेही महिनाअखेरीला. म्हणून बाईला एकटीला गाठून विचारा, हातात किती मिळणार. पगार थेट तिलाच द्या, पंधरा दिवस भरल्यावर. ब्यूरोचं कमिशन वेगळं, लेखी. याला तयार नसेल तर तो ब्यूरो नकोच.

चोवीस तासांची एकच बाई स्वस्त पडते असं गळी उतरवतात. रात्रीतून चारदा उठणारा पेशंट असेल तर ती टिकत नाही. टिकणारही नाही, तीही माणूसच. बारा-बारा तासांच्या दोघी बघा.

'नर्स पाठवतो' म्हणाले तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्यांकडे तो असतो. केअरटेकरकडे नसतो, मग तिला नर्सचा दर का? आणि नळीतून पहिलं भरवणं शेजारी उभं राहून बघा. डोकं ३० ते ४५ अंश वर, भरवून झालं की नळीत थोडं पाणी, पुढे अर्धा तास पेशंट तसाच बसता. आमच्याकडे आलेल्या बाईने वडील सपाट आडवे असताना सिरिंज लावली. जोराचा ठसका लागला. असं अन्न फुप्फुसात जातं! तेव्हाच तिला परत पाठवायला हवं होतं. पण आगाऊ दिलेले २४,००० आठवले आणि 'शिकेल हळूहळू' म्हणून गप्प बसलो.

आता तक्रारीची कथा. चौकीत पहिलं वाक्य, 'बाई आली होती ना? मग फसवणूक कसली?' मग 'हा दिवाणी मामला'. मग 'खातं ज्या हद्दीतलं, तिकडे जा'. तिकडे गेलो तर 'राहता कुठे? मग तिथेच जा'. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरची असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते, असं सांगितलं तर साहेब विचारतात, 'वकील आहात का?' बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. आणि या प्रत्येक फेरीला घरी वडिलांपाशी बसायला माणूस लागतो. माणूस मिळाला नाही ही तक्रार करायलाही आधी माणूस शोधा!

पोलीस ठाण्याने तक्रार घेतली नाही तर ती लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, पैसे खात्यातून पुढे सरकले की गोठवायला काही उरत नाही. आम्ही बदलीची वाट बघत बसलो, ते दिवस फुकट गेले. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, मुदत २ वर्षं. पण समोरच्याचा पत्ता लागतो. कार्डावर नुसता मोबाइल नंबर असेल तर तिथेच अडतं.

१४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, फुकट आहे. वृद्धाश्रम, पेन्शन, कायदा यांची माहिती तिथे मिळते. घरी बाई पाठवणं हे त्यांचं काम नाही, त्या आशेने फोन करू नका.

बाईचं आधार मूळ बघा, झेरॉक्स नको. ब्यूरोने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या झेरॉक्सवर चेहऱ्याच्या जागी काळा डाग होता आणि नाव अर्धं कापलेलं. चौकीत विचारलं, बाईचं नाव काय? आम्ही पाच दिवस तिला नुसतं 'मावशी' म्हणत होतो.