निमतेल 1500 पीपीएम: गच्चीतल्या घेवड्याच्या पानगळीवर कितपत चालतं?

नाशिकमध्ये कृषी सेवा केंद्रात जाऊन "श्रावणघेवड्याची पानं गळतायत" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "ताई, एकर किती?" समोरचं गिऱ्हाईक बहुतेक द्राक्षवालं, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. गच्चीत पाच कुंड्या आहेत म्हटल्यावर दुकानदारानं खालच्या खणातून 250 मिलीची निमतेलाची बाटली काढली. "पानगळीवर रामबाण," म्हणाला. ब्रँड लिहीत नाही, कारण या पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग, ते माप) बाटल्या सगळ्या एकाच माळेचे मणी. लेबलवर 'अझाडिरेक्टिन 0.15 टक्के' (निमातलं कीड रोखणारं द्रव्य) लिहिलेलं असलं म्हणजे झालं, तेच 1500 पीपीएम.

आधी चांगलं सांगते. घाण्यावरचं साधं निमतेल पाण्यावर तरंगत राहतं, त्यात रिठ्याचं नाहीतर साबणाचं पाणी घालून घुसळत बसावं लागतं. हे पाण्यात टाकलं की लगेच दुधाळ होतं. लिटरला 3 ते 5 मिली पुरतं, त्यामुळे एवढी बाटली कुंड्यांना दोन हंगाम जाईल. मार्चनंतर आमच्याकडे गच्ची तापते आणि घेवड्यावर लाल कोळी येतो. पानावर सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके, मग पान पितळी, मग खाली. कोळी पानाच्या पाठीमागे असतो आणि साध्या डोळ्यांना धुळीसारखा दिसतो. तिथे हे तेल खरंच उपयोगी पडलं. मात्र आधी नळीनं पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार मारा करून निम्मे कोळी धुऊन काढायचे आणि मग संध्याकाळी फवारायचं. उन्हात अझाडिरेक्टिन लवकर निकामी होतं, शिवाय सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. एका फवारणीत काम होत नाही. अंड्यांतून नवे कोळी निघतच राहतात, म्हणून आठवड्यानं पुन्हा. लगेच कीड मरून पडेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी दुसरं काही बघावं. यानं कीड खायची थांबते, कात टाकू शकत नाही, आणि हळूहळू कमी होते. मावाही आटोक्यात राहतो.

आता तो 'रामबाण'. कुंडीतल्या घेवड्याची पानगळ निम्म्याहून जास्त वेळा पाण्यापायी होते, असं माझं मत आहे, आणि त्यावर कुठलीच बाटली चालत नाही. खालची पानं मऊ पडून पिवळी होत असतील, माती ओली असूनही झाड मलूल दिसत असेल, तर मुळं गुदमरतायत. कुंडी उचलून तळाचं भोक बघा, बऱ्याचदा कोकोपीटनं (नारळाच्या भुश्यानं) बुजलेलं असतं. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. अगदी तळाची, रोप उगवताना आलेली पहिली पानं तर आपसूकच गळतात. तसंच शेंगा वाळायला लागल्या की बुटक्या घेवड्याचं झाड पानं टाकतं; त्याचं आयुष्य संपलंय, उपटून कंपोस्टमध्ये टाका.

तांबेऱ्यावरही हे तेल फारसं कामाचं नाही. पानामागे तांबूस पुळ्या येतात, बोट फिरवलं की वीटकरी भुकटी लागते. अशी पानं तोडून घराबाहेर टाकायची, कंपोस्टमध्ये नाही. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यायचं, वेल दाटू द्यायचे नाहीत. पान हिरवं-पिवळं चट्ट्याचं आणि आकसलेलं असेल तर तो विषाणू. झाड काढून टाकायचं, फवारत बसायचं नाही. हिवाळ्यात पांढरी भुरी येते, तिथे पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम जास्त चांगलं. फक्त तेल आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, आणि ऊन कडक झालं की गंधक वापरू नका, पानं करपतात.

दुकानदारानं यातलं काही विचारलं नाही. गळालेलं पान बघायचं तर सोडाच, पिशवीतून काढूही दिलं नाही. दुकानात मला खरी कामाची वाटलेली वस्तू काउंटरवर पडलेलं दहापट मोठं दाखवणारं भिंग होतं, किंमत बाटलीच्याही खाली. ते आधी घ्या. कोळी दिसला तर तेल घ्या.

तक्रारी दोन. वास असा की शेजारच्या काकूंनी कपडे आत घेतले. आणि मापाचं झाकण 25 मिलीचं, एकराच्या हिशेबाचं. कुंडीवाल्यांनी औषधाच्या दुकानातून 5 मिलीची सिरिंज आणावी. नव्या शेंड्यांवर जास्त मात्रा पडली तर डाग येतात, तेव्हा पहिल्यांदा एकाच झाडावर मारून बघा. शेंगा आधी तोडून घ्या, नंतरच्या शेंगा लेबलवर दिलेला फवारणीनंतरचा कालावधी पाळून आणि धुऊन.

कोळी आणि माव्यासाठी पाचपैकी चार तारे. पानगळीचं औषध म्हणून दोन.