पुण्याहून चंद्रपूरकडे जाताना रात्रीचा मुक्काम: लोणार, शेगाव की कारंजा?

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात. पुण्याहून जालन्याला समृद्धी महामार्ग धरायचा, वर्ध्याला उतरायचं आणि हिंगणघाट, चंद्रपूर करत पुढे जायचं, की अंतर 800 किलोमीटरच्या आसपास भरतं. रस्ता चांगला झाल्यापासून पुष्कळ जण पहाटे निघून रात्री घर गाठतात. आम्ही दोघांनी आलटूनपालटून गाडी चालवत तसं दोनदा केलं आणि सोडून दिलं. सिमेंटचा सरळ पट्टा आणि तासन्‌तास एकाच वेगाची घरघर, डुलकी कधी लागते ते कळत नाही. त्यात सासऱ्यांचे गुडघे तीन तासांपुढे गाडीत टिकत नाहीत. तेव्हापासून वाटेत एक मुक्काम ठरलेला.

नकाशात मधोमध मेहकर येतं. तिथून लोणार 25 किलोमीटर दक्षिणेला, शेगाव खामगाववरून साधारण 90 किलोमीटर उत्तरेला, आणि कारंजा लाड समृद्धीनेच साधारण 110 किलोमीटर पुढे. तिन्ही ठिकाणी राहून झालंय. माझं मत असं की आधी नकाशातला मध्य बघू नका. तुम्ही पुण्यातून किती वाजता निघणार आणि गाडीत सगळ्यात म्हातारं कोण आहे, ते बघा.

पहाटे पाचला निघालात, वाघोली-शिक्रापूरची गर्दी टाळलीत आणि सोबतची माणसं चालणारी असली, तर लोणार. दुपारी दोन-तीनपर्यंत पोचता आणि उरलेला दिवस हाताशी असतो. मेहकरपर्यंत जाऊन मागे यायची गरज नाही. सिंदखेडराजालाच समृद्धीवरून उतरा, जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराव जाधवांचा वाडा बघा आणि दुसरबीड, बीबी, सुलतानपूर करत लोणार गाठा. दुसऱ्या दिवशी मेहकरला पुन्हा समृद्धीवर चढायचं.

लोणारचं सरोवर काठावरून पहिल्यांदा दिसतं तेव्हा मुलंसुद्धा गप्प होतात. काळ्या बसाल्ट खडकात उल्का आदळून झालेला जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचा खळगा, तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी आणि भोवती दाट झाडी. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. संध्याकाळी काठावर बसा, सकाळी दैत्यसूदनाचं देऊळ बघा. त्या भिंतींवरच्या मूर्तींना घाईत एक तास अपुरा पडतो. पण खाली उतरायची वाट चढ-उताराची आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठावरूनच बघावं. राहायला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आणि थोडी हॉटेलं आहेत, त्यामुळे सुट्टीत खोली आधी ठरवूनच जा. एकदा आम्ही न ठरवता रात्री नऊला पोचलो. एका ठिकाणी खोली मिळाली ती दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासरे एकेक पायरी बसत चढले. ते बघवलं नाही. आणि मे महिन्यात लोणार नकोच, त्या खळग्याचा तवा झालेला असतो.

शेगावचं वेगळं. गजानन महाराजांच्या संस्थानाची भक्त निवासं स्वच्छ, दर माफक, महाप्रसाद पोटभर आणि सेवेकऱ्यांचं वागणं इतकं मायेचं की वयस्कर माणसांना तिथे परकं वाटतच नाही. सोयीच्या बाबतीत तिघांत शेगावच पहिलं. अडचण अंतराची आहे. मेहकरहून वर जायचं, दुसऱ्या दिवशी अकोला-मूर्तिजापूरवरून कारंज्याला येऊन समृद्धी धरायची, म्हणजे 100 किलोमीटरचा फेरा वाढतो. गुरुवारी, एकादशीला गर्दी असते. प्रकटदिन, रामनवमी किंवा ऋषिपंचमीच्या पुण्यतिथीला खोली मिळेलच असं धरून निघू नका. शिवाय माझ्या सासूबाई शेगावला जाऊन समाधीचं दर्शन न घेता निघणं शक्यच नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. तिथे झोपण्यापुरतं जाऊ नये. एक पूर्ण दिवस जास्त काढा, दर्शनाची रांग निवांत लावा, निघताना कचोरी बांधून घ्या.

उशिरा निघणाऱ्यांसाठी, आणि आमच्यासारख्या बहुतेकांसाठी, कारंजा लाड. मुलांची शाळा सुटल्यावर दुपारी बाराला निघालो तर मेहकरलाच रात्रीचे आठ वाजतात. त्या वेळी लोणारकडे किंवा खामगावकडे आतल्या रस्त्याला लागू नका. रोही (नीलगाई) आणि रानडुकरं अचानक आडवी येतात, आणि कापसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. महामार्ग न सोडता आणखी सव्वा तास चालवलं की कारंजा येतं. दत्ताचा अवतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान, त्यामुळे गुरुमंदिराचं भक्त निवास आहे, गावात लॉजही आहेत. खोल्या साध्या, शेगावची टापटीप मनात धरून जाऊ नका. रात्री पोचणार असाल तर दुपारीच फोन करून तळमजल्याची खोली मागून ठेवा, आणि जेवण वाटेत उरकून घ्या किंवा डबा ठेवा. गाव लवकर झोपतं.

सकाळी मात्र तासभर द्या. गुरुमंदिरात दर्शन घ्या, जुनी जैन मंदिरं बघा, दारव्हा वेस आणि दिल्ली वेस या दगडी वेशींवरून गावाचा जुना थाट कळतो. सासऱ्यांना हा चालण्यापुरता सपाट फेरा फार आवडतो.

दुसऱ्या दिवसाचा हिशोबही कारंज्याच्याच बाजूने आहे. लोणारहून घर 400 किलोमीटरच्या वर राहतं, शेगावहूनही तेवढंच, कारंज्याहून 300 च्या आत. साडेसातला निघून वर्ध्याला चहा घेतला, की दुपारच्या वरण-भाताला आम्ही मूलमध्ये असतो.