पीपीआरची लस: आतल्या मालाला पाच तारे, बाटलीला दोन

पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा एक विषाणूचा रोग. त्याच्या लशीच्या बाटल्या घेतल्या दोन, त्यातली एक वाया गेली. जनावरं: सहा मेंढ्या, अकरा शेळ्या. मुक्काम केरी, सत्तरी.

"गोव्यात मेंढ्या?" हा प्रश्न मला दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर कुळागराच्या (आमच्या सुपारी-नारळाच्या बागेच्या) वरच्या अंगाला शेळ्या पाळल्या, त्या बऱ्या चालल्या. मग हौस आली आणि चोर्ला घाटापलीकडून माडग्याळ जातीच्या सहा मेंढ्या आणल्या. आमच्या पावसात त्यांचे खूर कुजतात, चार महिने माच्यावर ठेवून चारा नेऊन द्यावा लागतो. शहाण्या माणसाने करू नये असा हा उद्योग आहे.

सरकारी मोहिमेत ही लस फुकट टोचतात. माझ्या शेळ्यांना तशी मिळाली होती, पण त्याला तीन वर्षं उलटून गेली होती, आणि मेंढ्या तर नंतरच्या. म्हणून पदरचे पैसे घालून म्हापशाच्या एका जनावरांच्या औषधांच्या दुकानातून आणली.

आमच्या वरच्या वाडीतले धनगर मामा या रोगाला मेंढरांची बुळकांडी म्हणतात. "बुळकांडी गेली म्हणून सांगत होते ना बाई?" असं त्यांनी विचारलं. गेली ती गुरांची, २०११ साली साऱ्या जगातून. ही तिची धाकटी बहीण. १९४२ मध्ये आफ्रिकेच्या आयव्हरी कोस्टमध्ये पहिल्यांदा नोंदली गेली, आणि आपल्याकडे १९८७ मध्ये तमिळनाडूतल्या अरसूर गावच्या मेंढ्यांत सापडली. माणसाचा गोवर, कुत्र्याचा डिस्टेंपर, हे सगळं एकच कूळ. सणसणून ताप, नाक-डोळे वाहणं, तोंडात फोड, मग जुलाब, आणि शेवटी बहुतेक वेळा न्यूमोनिया.

हा न्यूमोनिया का होतो, ते जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या विषाणूला शिरायला जे पहिलं दार लागतं, ते मेंढीच्या पांढऱ्या पेशींवर असतं. त्या दाराचं नाव स्लॅम. म्हणजे चोर पहिल्यांदा पोलीस चौकीतच घुसतो. पांढऱ्या पेशी घटतात आणि एरवी घशात गुपचूप बसलेले जिवाणू फुफ्फुसात उतरतात. पुष्कळदा मेंढी त्यांनीच मरते.

लस म्हणजे हाच विषाणू, पण नरम केलेला आणि जिवंत. माझ्या बाटलीवर सुंग्री ९६ लिहिलं होतं. हिमाचलातल्या सुंग्रीच्या शेळ्यांतून घेतलेला हा वाण मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून नरम केला. तो मेंढीच्या पेशीत शिरतो आणि तिथे थोडा वाढतो. त्या पेशीत त्याची प्रथिनं तयार होतात, आणि पेशी त्यांचे तुकडे आपल्या अंगावर टांगून दाखवते. ते बघून मारेकरी टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तयार होतात. दुसऱ्या, मदतनीस टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं निरोप देणारं प्रथिन सोडतात आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींनाही कामाला लावतात. प्रतिपिंडं बाहेर फिरणारा विषाणू अडवतात. पेशीच्या आत दडलेला मात्र मारेकरी पेशींनाच शोधावा लागतो. विषाणूच्या गाभ्यातलं एन प्रथिन घ्या. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं ढीगभर बनतात, पण ती विषाणूला अडवत नाहीत. टी-पेशी मात्र तेच प्रथिन बरोबर ओळखतात. म्हणून रक्त तपासून आलेला प्रतिपिंडांचा आकडा मला नेहमी अर्धाच वाटतो.

आता पहिली बाटली. दुकानदाराने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत चार बर्फाच्या तुकड्यांसोबत दिली. एप्रिलचा महिना. म्हापशाहून साखळी, साखळीच्या स्टँडवर पाऊण तास, मग केरीची बस. घरी पोचले तेव्हा पिशवीत कोमट पाणी, आणि बाटलीतली पांढरी वडी होती तशीच, अगदी देखणी. मी ती फ्रिजमध्ये ठेवून दिली आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी.

"टीचर, ती मेली असली तर तुम्हाला कळणार कसं?"

खरंच, कसं? मुलांच्या पोलिओच्या बाटलीवर उष्णतेने रंग बदलणारा ठिपका असतो, या बाटलीवर तसलं काही नव्हतं. मेलेल्या विषाणूचं पाणी टोचलं असतं तर मेंढी ओरडली असती, मी वहीत तारीख लिहिली असती आणि तीन वर्षं निवांत झोपले असते. जो पेशीत शिरून वाढतच नाही, त्याची मारेकरी पेशींना खबर लागणार कुठून? बाटली टाकून दिली. दोन तारे कापले ते या ठिपक्यापायी.

तिसरा तारा शंभरच्या आकड्यापायी गेला. त्या दुकानात शंभर डोसांचीच बाटली मिळाली. वडी एकदा पाण्यात घोळली की दोन तासांत संपवायची, उरलेली ठेवता येत नाही. माझी जनावरं सतरा. पुण्यासोलापूरकडच्या कळपाला शंभर पुरणार नाहीत, पण सत्तरीत घराघरांत चार-पाच शेळ्या. दुसऱ्या वेळी मी आधी वाडीभर निरोप धाडला. मासळीवाल्याकडून थर्माकोलची पेटी मागून आणली, आठवडाभर धुतली तरी बांगड्याचा वास गेला नाही, पण बर्फ घरापर्यंत टिकला. सोबतचं पाणीसुद्धा थंड लागतं, हे लोक विसरतात. लस गार आणि घोळायचं पाणी खिडकीत ठेवलेलं, असं चालत नाही.

रविवारी पहाटे साडेसहाला आंगणात जत्राच भरली. मामांच्या चाळीस शेळ्या, खालच्या वहिनींच्या पाच, आणखी दोन घरांच्या मिळून नऊ. डॉक्टरने प्रत्येकीला कातडीखाली एक मिली टोचली. सुई स्पिरिटने पुसायला मी पुढे झाले तर ओरडलाच माझ्यावर. स्पिरिटने जिवंत लस मरते. शिकवणाऱ्या बाईला हे सुचायला हवं होतं. एकूण एकाहत्तर झाली. एकोणतीस डोस उरले, ते बाटलीसकट उकळून टाकले.

त्रास म्हणाल तर जवळपास नाहीच. एका मेंढीचं अंग दुसऱ्या दिवशी कोमट लागलं, तिने चारा अर्धा टाकला, संध्याकाळी पूर्ववत. गाभण शेळ्यांचं डॉक्टरांनी आधी विचारून घेतलं, तुम्हीही विचारा. नवीन आणलेलं जनावर लगेच टोचू नका. माझ्या मेंढ्या घाट उतरून आल्यावर तीन आठवडे वेगळ्या बांधल्या होत्या, जंताचं औषध देऊन मगच टोचल्या. आणखी एक अडचण: लस दिलेली मेंढी आणि रोगातून उठलेली मेंढी रक्ताच्या तपासणीत सारखीच दिसते. विकायची असेल तर तारखेची वही जपून ठेवा.

दोन कोकरं राहिली. दीड महिन्याची आहेत, आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं लशीला वाढूच देणार नाहीत, म्हणून चार महिने पुरे होईपर्यंत थांबायचं. त्या दोघांसाठी पुन्हा शंभरांची बाटली. केरी, मोर्ले किंवा पर्ये भागात कुणाच्या शेळ्या राहिल्या असतील तर खाली लिहा. पेटी आहे. वासाची तयारी ठेवून या.